1708 हव्या होत्या, 1671 आल्या

चौदा गावं आणि जून ते सप्टेंबरचे 122 दिवस, म्हणजे पावसाच्या रोजच्या 1708 नोंदी. फायली हातात आल्या त्याच संध्याकाळी हा गुणाकार मी वहीच्या मागच्या पानावर करून ठेवला होता. फायली जोडणारी स्क्रिप्ट चालली, लाल अक्षरांत काहीही आलं नाही, आणि शेवटच्या ओळीत आकडा उमटला: 1671. सदतीस कमी. मी पाऊस मोजणाऱ्या गटातल्या सरांना फोन करून म्हटलं, "चार महिन्यांत चौदा जणांनी मिळून सदतीस दिवस चुकवले. एवढं चालायचंच." सर म्हणाले, "चालायचंच." तक्ता पुढे गेला, त्यावरून एक यादीही निघाली. नऊ दिवसांनी कळलं की त्या सदतीसात काहीच खरं नव्हतं. एकाही फायलीत एकाही दिवसाची ओळ गळलेली नव्हती.

प्रकरण 2023 च्या पावसाळ्याचं आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा एक तालुका, जिथे एका गावात ओढा फुटतो आणि तीन किलोमीटरवरच्या गावात धूळ उडत असते. महाराष्ट्रात अतिवृष्टीचे पंचनामे ठरतात ते महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की नाही यावर. मंडळात एक केंद्र, आणि त्याच्याखाली अनेक गावं. "पाऊस आमच्या शिवारात झाला, यंत्र तिकडे कोरडं" ही तक्रार दर वर्षी असते आणि तिची बाजू मांडायला कुणाकडे कागद नसतो. म्हणून काही शिक्षक आणि शेतकऱ्यांनी मिळून गावोगाव साधे पर्जन्यमापक बसवले. सकाळी मोजपात्रात पाणी ओतायचं, आकडा वहीत लिहायचा, महिनाअखेर तो मोबाइलवर एका तक्त्यात भरून व्हॉट्सॲपवर पाठवायचा. चौदा गावं, चार महिने, 56 फायली. मला काम एवढंच होतं की त्या जोडायच्या, गावापुढे त्याचं मंडळ लावायचं, आणि 65 च्या वर गेलेले दिवस काढून द्यायचे.

माझ्या आधी सरांच्या भाच्याने प्रयत्न केला होता. लिनक्सच्या कॅट कमांडने सगळ्या फायली एकाखाली एक ओतल्या. प्रत्येक फायलीची शीर्षक-ओळ मध्येमध्ये घुसली, ते एक वेळ दिसतं तरी. पण नऊ फायलींच्या शेवटी नवी ओळ सुरू करणारं चिन्हच नव्हतं. त्यामुळे महिन्याचा शेवटचा आकडा आणि पुढच्या फायलीचं शीर्षक एकमेकांना चिकटले: "12.4तारीख". बेरीज करताना ऑक या दुसऱ्या कमांडने शब्दाच्या आधीचा आकडा घेतला आणि पुढे गेला, तक्रार केली नाही. बिचारा भाचा दोन रात्री बसला होता. मी मनात म्हटलं, हे पायथनचं आणि त्यातल्या तक्ते हाताळणाऱ्या पांडाजचं काम आहे, तासाभराचं. या गुर्मीची किंमत पुढे येतेच आहे.

माझी पहिली स्क्रिप्ट पंचवीसेक ओळींची होती. फोल्डरमधल्या सगळ्या सीएसव्ही फायलींवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) फिरायचं, रीड-सीएसव्हीने वाचायचं, फायलीच्या नावातला खालच्या रेघेआधीचा भाग गावाचं नाव म्हणून घ्यायचा, सगळे तुकडे कॉन्कॅटने जोडायचे, तारखेचा रकाना तारीख म्हणून वाचून घ्यायचा, जून ते सप्टेंबर एवढंच ठेवायचं, आणि तालुक्याच्या गावयादीशी मर्ज करून, म्हणजे गावाचं नाव जुळवून जोडून, मंडळ आणायचं. कुणीही अशीच लिहील. गावाचं नाव फायलीच्या नावातून घेण्याला मात्र कारण होतं. तीन जणांनी कॉम्प्युटरवर एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत जतन केलं होतं, आणि त्या प्रकारात देवनागरी टिकत नाही. आतल्या गावाच्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हं होती. बाहेरचं नाव तेवढं शाबूत.

तर 1671. यादी निघाली सात नोंदींची. ती सरांनी गटावर टाकली आणि एका दादांचा फोन आला.

"ताई, सात ऑगस्टला आमच्याकडे 71 मिलिमीटर दाखवताय?"

"हो, तुमच्याच फायलीतला आहे."

"सात ऑगस्टला मी सोयाबीनवर तुषार लावले होते. दोन दिवस मोटर चालू होती."

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि दादांचं म्हणणं खोडावं असंही काही नव्हतं. ऑगस्ट 2023 हा देशभरात 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी. त्या महिन्यात कुणी तुषार सिंचन लावलं असेल तर नवल नाही, 71 मिलिमीटर पडला असेल तर नवल.

मी मूळ फायल उघडली. 71 ची नोंद होती, पण तारीख होती 08/07/2023. आठ जुलै.

इथे क्षणभर थांबते, कारण या एका चुकीची करामत बघण्यासारखी आहे. नऊ गावांनी आम्ही दिलेला तक्ता वापरला होता. त्यात तारखा आधीच भरलेल्या होत्या, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. पाच गावांनी आपापला तक्ता केला आणि आपण सगळे लिहितो तशी तारीख लिहिली: दिवस, महिना, वर्ष, मध्ये तिरप्या रेघा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पांडाजची 2.0 च्या आधीची आवृत्ती होती. तिला तारखेची पद्धत सांगितली नाही, तर ती अमेरिकन रिवाजाने पहिला आकडा महिना धरते. 08/07 म्हणजे सात ऑगस्ट. पण 13/07 आलं की तेरावा महिना नसतो, म्हणून तिथे ती स्वतःच पद्धत बदलते आणि तेरा जुलै असं बरोबर वाचते. एकाच रकान्यात महिन्याचे पहिले बारा दिवस उलटे, उरलेले सुलटे. फार तर एखादा इशारा देईल, काम थांबवणार नाही. 2.0 पासून हे बदललं. पहिल्या नोंदीवरून जी पद्धत ठरेल तीच सगळ्यांना लावते, आणि 13/07 शी येऊन अडते. अडणं किती मोलाचं असतं ते तेव्हा कळलं.

आता हिशेब. जुलैच्या फायलीतले पहिले बारा दिवस बारा महिन्यांत विखुरले: 01/07 झाला सात जानेवारी, 02/07 सात फेब्रुवारी, 12/07 सात डिसेंबर. पुढच्या ओळीत मी जून ते सप्टेंबर सोडून बाकी सगळं काढून टाकत होते, तेव्हा बारापैकी आठ नोंदी तिथे गेल्या. महिन्याला आठ, चार महिन्यांत 32. गावाला 122 ऐवजी 90. पाच गावांच्या मिळून 160 नोंदी मीच, माझ्या हाताने, गाळणीतून सांडल्या होत्या.

आणि ज्या हंगामात उरल्या त्यांचं आणखी गमतीशीर. 08/07 हा सात ऑगस्ट झाला, तर 07/08 हा आठ जुलै झाला. दोघांनी एकमेकांच्या जागा घेतल्या. 6 ते 9 या आकड्यांच्या प्रत्येक जोडीत अशी अदलाबदल, गावामागे 12 नोंदी. जागा रिकामी नाही आणि जागा दुबार नाही. एका गावाची एक तारीख दोनदा आली आहे का, ही तपासणी मी केली असती तरी या बारा नोंदी आरामात निसटल्या असत्या.

पण 160 गेल्या तर आकडा 1548 यायला हवा होता. 1671 कसा आला? म्हणजे कुठूनतरी नोंदी वाढल्याही होत्या. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. एकूण आकडा विचारण्यात अर्थच नव्हता, गावागणिक विचारायला हवं होतं. ग्रुप-बायची एक ओळ. तिने जे छापलं ते मी अजून जपून ठेवलंय:

पाच गावं, प्रत्येकी 90.
कऱ्हे, 61.
पिंपळगाव, 244.
दोन गावं, प्रत्येकी 153.
उरलेली पाच, प्रत्येकी 122.

बेरीज 1671. चौदापैकी नऊ गावं चुकीची, आणि बेरीज मात्र अपेक्षेच्या दोन-सव्वादोन टक्के अलीकडे-पलीकडे. सांडलेलं आणि वाढलेलं एकमेकांना खाऊन सदतीस उरले होते. गावांची नावं मी इथे बदलली आहेत, पण कऱ्हे मधलं जोडाक्षर आणि पिंपळगावची जोडगोळी खरी आहे. त्यांच्याशिवाय गोष्ट होत नाही.

153 चं कोडं सगळ्यांत सोपं. 122 अधिक 31. फोल्डरमध्ये 56 नव्हे, 58 फायली होत्या. दोन फायलींच्या नावाशेवटी कंसात 1 होतं, तीच फायल पुन्हा उतरवली की मोबाइल लावतो तसं. दोन्ही 31 दिवसांच्या महिन्याच्या. मी फायली मोजल्याच नव्हत्या. लूपने जेवढ्या दिसल्या तेवढ्या घेतल्या. यातली एक जुलैची होती आणि शब्दशः तीच. दुसरी, दुसऱ्या गावाची ऑगस्टची, 28 दिवस तीच आणि 3 दिवस वेगळी. ड्रॉप-डुप्लिकेट्स चालवून हात झटकता येतात असं वाटतं, पण ते फक्त तंतोतंत सारख्या ओळी काढतं. त्या तीन दिवसांच्या दोन-दोन ओळी तशाच राहिल्या असत्या. "शेवटची ठेव" असं सांगता येतं, पण शेवटची म्हणजे फायलींच्या वाचण्याच्या क्रमात शेवटची, आणि फोल्डरमधल्या फायली शोधणाऱ्या ग्लॉबने मिळणाऱ्या यादीचा क्रम ठरलेला नसतो. सॉर्टेड लावल्याशिवाय त्यावर विसंबू नये. शेवटी फोनच केला. त्या ताई म्हणाल्या, दुसरी बरोबर, पहिलीत 1.2 चे 12 झाले होते. स्क्रिप्टमध्ये आता एक ओळ आहे जिच्यात ती पहिली फायल नाव घेऊन वगळली आहे, आणि शेजारी टिपणात कारण लिहिलंय.

पिंपळगावचे 244 म्हणजे दुप्पट. ही चूक पूर्णपणे माझी, आणि नीटनेटकेपणाच्या हौसेतून झालेली. तालुक्याच्या गावयादीत पिंपळगाव बुद्रुक आणि पिंपळगाव खुर्द अशी दोन गावं, दोन वेगळ्या मंडळांत. बुद्रुक आणि खुर्द हे फारसीतून आलेले शब्द, मोठं आणि धाकटं. पण लिहिताना कुणी बुद्रुक, कुणी बु., कुणी बु॥, कुणी काहीच नाही. नावं जुळावीत म्हणून मी दोन्हीकडून ही शेपटं कापून टाकली. आमच्या पर्जन्यमापकाच्या गावासमोर आता यादीतली दोन पिंपळगावं उभी राहिली, आणि मर्ज प्रामाणिकपणे दोघांनाही जोडून मोकळं झालं. बुद्रुकमध्ये पडलेला प्रत्येक थेंब खुर्दच्या मंडळातही पडला.

मर्जला व्हॅलिडेट नावाचा एक पर्याय असतो. त्यात सांगायचं की डावीकडे एका गावाच्या अनेक ओळी चालतील, उजवीकडे गाव एकदाच असलं पाहिजे. दोनदा सापडलं तर ते तिथेच चूक दाखवून थांबतं. दहा-पंधरा अक्षरं टंकायची. मी ती टंकली नव्हती.

कऱ्हे सगळ्यांत छळवादी. 61 नोंदी, म्हणजे निम्म्या. आल्या त्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या. जून-जुलैच्या दोन्ही फायली वाचल्या जात होत्या, जोडल्याही जात होत्या, आणि मर्जनंतर नाहीशा होत होत्या. मर्जला काही सांगितलं नाही, तर दोन्ही बाजूंना सापडलेलीच नावं ठेवणं हा त्याचा रिवाज, इनर जोड. यादीत कऱ्हे आहे. फायलीच्या नावात कऱ्हे आहे. पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवून मी डोळे फोडले, मात्रा वेलांटी सगळं तेच. दोन्ही सारखी आहेत का विचारलं तर पायथन म्हणतं, नाहीत. शेवटी लांबी विचारली. एक पाच, दुसरं सहा.

मराठीत हा जो अर्धा र आपण दुसऱ्याच्या कुशीत आडवा काढतो, दऱ्या, कऱ्हाड, तुऱ्याचा, तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरकोडांत, दोन वाटांनी लिहिला जातो. एक, स्वतंत्र ऱ, कोड 0931, मग हलन्त, मग ह. दुसरी जुनी वाट, साधा र, कोड 0930, मग हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह, मग ह. दिसायला तिळमात्र फरक नाही. कऱ्हेच्या दादांनी ऑगस्टमध्ये मोबाइल बदलला होता आणि नव्या कीबोर्डने पहिली वाट धरली. जुन्याने दुसरी.

यावर हमखास सल्ला मिळतो की युनिकोड नॉर्मलाइझ करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करा, त्यासाठी एनएफसी नावाची पद्धत लावा. लावलं. काही झालं नाही. र आणि त्याखाली नुक्ता असं सुटं लिहिलं असेल तर एनएफसी त्याचा ऱ करून देतं, पण अदृश्य जोडकाला ते हात लावत नाही. कारण नॉर्मलायझेशनच्या दृष्टीने ते वेगळंच अक्षर आहे. ते आपल्यालाच बदलावं लागतं: र, हलन्त, जोडक दिसले की तिथे ऱ आणि हलन्त ठेवा. इंग्रजी नावांवर काम करणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक नसतं, आणि मराठीतल्या गावांच्या, आडनावांच्या याद्या जोडणाऱ्या प्रत्येकाला ते एकदा तरी चावतं.

मग मी नावांवरच विसंबणं सोडलं. चौदा गावांची एक छोटी फायल केली: फायलीच्या नावात येऊ शकणारी सगळी रूपं एका बाजूला, आणि 2011 च्या जनगणनेतला सहा आकडी गावकोड दुसऱ्या बाजूला. जोड कोडवर. कोडला ना जोडाक्षर, ना बुद्रुक. तो आकडा म्हणून नाही, अक्षरं म्हणून वाचायचा, नाहीतर एखाद्या रिकाम्या जागेमुळे रकाना दशांशात जातो आणि कोडाच्या शेवटी .0 लागतं. मर्जमध्ये इंडिकेटर चालू ठेवला. त्याने प्रत्येक ओळीपुढे एक रकाना येतो, दोन्हीकडे सापडली, फक्त डावीकडे, की फक्त उजवीकडे. फक्त डावीकडची एक जरी निघाली तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

आता हिशेब जुळला. दुबार फायलींनी 62 वाढवल्या, पिंपळगावने 122. उलट्या तारखांनी 160 खाल्ल्या, कऱ्हेने 61. अधिक 184, वजा 221. वजा 37.

असं गुपचूप गळणं फक्त हौशी लोकांकडेच होतं असं नाही. 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे 15,841 रुग्ण रोजच्या आकडेवारीतून राहून गेले. प्रयोगशाळांच्या सीएसव्ही फायली एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात भरल्या जात होत्या, आणि त्या साच्यात 65,536 च्या पुढे ओळ मावत नाही. वरच्या ओळी मावल्या, खालच्या गेल्या. तिथे रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध त्यामुळे लांबला. आमच्याकडे फार तर पंचनाम्याचा अर्ज लंगडा पडला असता. पण दोन्हीकडे आत किती गेल्या आणि बाहेर किती आल्या हे वेळेवर पडताळलं गेलं नाही.

मी समजले, संपलं. 122 वाली पाच गावं तरी निर्धास्त. पण त्यांतल्या एका गावाचा सप्टेंबर महिन्याचा एकूण पाऊस होता 0.0, आणि शेजारच्या गावाचा दीडशेच्या घरात. फायल उघडली तर तीसही नोंदी व्यवस्थित: १२.४, ३.०, २७.८. देवनागरीत! गंमत म्हणजे पायथनला स्वतःला हे आकडे कळतात. त्याच्या फ्लोटला १२.४ दिलं तर तो गुमान 12.4 करून देतो. पांडाजच्या टू-न्यूमेरिकला ते कळलं नाही, आणि मी त्याला "नाही कळलं तर रिकामं ठेव" असं सांगून ठेवलं होतं, त्या कोअर्स नावाच्या पर्यायाने. तीस रिकाम्या जागा, आणि सगळ्या रिकाम्या जागांची बेरीज पांडाज शून्य देतं. दुसऱ्या एका गावात असे आकडे अधूनमधून पेरलेले होते, बहुधा घरात ज्याच्या हाती मोबाइल असेल त्याने भरलेले. तेही 122 मध्येच होतं. म्हणजे नोंदींची संख्या बरोबर असणाऱ्या पाचांपैकी दोन गावं आतून पोकळ.

तेव्हा कोअर्स काढून टाकला. आता सगळे रकाने आधी अक्षरं म्हणून वाचले जातात, दहा देवनागरी अंकांचे दहा साधे अंक केले जातात, आणि त्यानंतर जे आकड्यात बदलत नाही ते सगळं, फायलीचं नाव आणि ओळ क्रमांकासह, पडद्यावर येतं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा आलेली यादी वाचताना मला हसू आवरेना. "निरंक". "नाही". "झिमझिम". "-". "थोडा". "22 (गारा)". सरकारी कामाची सवय असलेल्या सरांनी शून्याला निरंक लिहिलं होतं, ते शून्य. झिमझिम आणि थोडा यांचं काय करायचं? मोजपात्रात न आलेल्याला आकडा देणं माझं काम नव्हे. ते रिकामे ठेवले आणि शेजारी मूळ शब्द राखला.

जाता जाता एक. रीड-सीएसव्ही काही अक्षरसमूहांना आपणहून "माहिती नाही" समजतं आणि ती जागा रिकामी करतं. त्यात इंग्रजीतले एन आणि ए एकत्र, म्हणजे NA, हेही आहेत. आमच्या पावसात ते नव्हते, पण जमिनीच्या नोंदींवर काम करणाऱ्या एका मित्राच्या तक्त्यातले सगळे बिगरशेती भूखंड असे एका फटक्यात गायब झाले होते. महाराष्ट्रात एनए प्लॉट कुठे सापडणार नाही सांगा! डीफॉल्ट यादी बंद करायचा पर्याय आहे, तो पहिल्याच ओळीत लावावा.

शीर्षकांचाही थोडा घोळ होता. "पाऊस", शेवटी एक मोकळी जागा असलेला "पाऊस ", आणि "पाऊस (मिमी)". कॉन्कॅट शीर्षकांच्या नावावरून रकाने लावतं, त्यामुळे तीन वेगळे रकाने तयार झाले होते आणि मी वापरत होते पहिला. शीर्षक साफ करून, ठरलेल्या रकान्यांपलीकडे काही दिसलं तर थांबायचं, एवढ्याने भागलं.

सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट मात्र साधी होती: प्रत्येक ओळीला ती कुठल्या फायलीतून आली तिचं पूर्ण नाव एका रकान्यात चिकटवणं. पहिल्या वेळी मी नावातून गाव काढून घेऊन बाकीचं फेकलं होतं. पण फायलीचं नाव साक्षीदार असतं. "जुलै" असं नाव असलेल्या फायलीतल्या प्रत्येक नोंदीची तारीख जुलैतलीच असली पाहिजे. ही एक ओळीची तपासणी लावली तेव्हा जुन्या स्क्रिप्टवर ती पाच गावांच्या पहिल्याच फायलीला ओरडली, 01/06 चा सहा जानेवारी झाला होता तिथे. दुबार तपासणीला न दिसणाऱ्या त्या गावामागच्या बारा अदलाबदलीही तिला दिसतात. तारखा मी आता अंदाजावर सोडत नाही. दोनच पद्धती मान्य, दोन्ही फॉरमॅट लिहून दिलेले, तिसरी आली तर थांब.

शेवटी मी उलट बाजूने एक कोरी चौकट तयार केली. चौदा कोड, 122 तारखा, 1708 रिकामी घरं. जोडलेला तक्ता तिच्यावर ठेवला. घर रिकामं राहिलं तर दिसतं, घराबाहेर काही पडलं तर तेही दिसतं. 1708 घरं, 1708 नोंदी.

65 च्या वरची यादी पुन्हा काढली. पहिल्या यादीत सात नोंदी होत्या, त्यातली एक पिंपळगावची दुबार, दोन चुकीच्या तारखेला. दुरुस्त यादीत बारा. दादांचे 71 मिलिमीटर आठ जुलैला जाऊन बसले. दादा म्हणाले, "हां, तेव्हा बांध फुटला होता."

ही यादी मंडळाच्या केंद्राशी ताडून बघताना आणखी एक फाटा निघाला, जो कुठलीही स्क्रिप्ट पकडू शकली नसती. हवामान खात्याची पद्धत अशी की सकाळी साडेआठला मोजलेला, मागच्या 24 तासांतला पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहायचा. बारा गावं तसंच करत होती. दोन गावांतले लोक म्हणत होते, पाऊस काल पडला तर कालच्या तारखेला लिहायला नको का? त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही मला. पण त्यांची अख्खी मालिका एक दिवस मागे सरकलेली होती. आलेख शेजाऱ्यांवर ठेवला तर प्रत्येक शिखर एक दिवस आधी. फोन करून खात्री केली आणि त्या दोन कोडांच्या तारखा एक दिवसाने पुढे केल्या. त्यामुळे एक जूनचं घर रिकामं झालं आणि एक ऑक्टोबर चौकटीबाहेर पडला. एक जूनचा आकडा एकतीस मेच्या नावाखाली हवा होता, आणि मे महिन्यात कुणी मोजलंच नव्हतं. 1708 पैकी दोन घरं अशी कायमची रिकामी झाली. ती तशीच ठेवली.

रिकाम्या घरांसाठी आता तक्त्यात "कारण" नावाचा एक रकाना आहे. तो स्क्रिप्ट भरत नाही, मी फोन करून भरते. बहुतेक ठिकाणी "मोजपात्रात आला नाही, झिमझिम" असं आहे. दोन ठिकाणी "तारीख सरकवली". एका गावात 9 ते 14 सप्टेंबर सलग सहा घरं रिकामी होती, तारखेची ओळ होती पण आकडा नव्हता, वहीतही कोरी, तक्त्यातही. तिथल्या ताई आधी काही बोलेनात, मग हळूच म्हणाल्या, "शेळीने मापक पाडला होता हो. शून्य लिहू का विचारलं तर हे म्हणाले, खोटं कशाला लिहायचं." त्या सहा घरांपुढे मी "शेळी" असं लिहिलंय.